कोरडे पाय

पाणी तांबडं व्हायची वेळ झाली तसा अख्खा हॉल चिडीचूप झाला.

बंद पडलेल्या छापखान्याचा तो हॉल. भिंतींना अजून शाईचा वास होता. जिथे पूर्वी यंत्रं धडधडायची तिथे आता प्लास्टिकची टपं ओळीने मांडलेली, प्रत्येक टपामागे एक खुर्ची आणि खुर्चीवर पाय पाण्यात सोडून बसलेला माणूस. गुडघ्यांवरून टपाच्या पलीकडच्या काठापर्यंत आणि दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत पांढरी चादर. ज्यांना खुर्ची मिळाली नव्हती ते भिंतीला टेकून उभे होते आणि ज्यांना भिंतही मिळाली नव्हती ते खिडकीच्या गजांना लोंबकळत होते.

पायांवाटे विष काढून देतो म्हणणाऱ्या जलगुरूंनी अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट घातला होता आणि कोटावर जाडजूड मण्यांची माळ. ज्याचा ज्यावर विश्वास, त्याने तिकडे बघावं.

"बघा! उघड्या डोळ्यांनी बघा!" त्यांनी एक चादर झर्रकन ओढली. खाली पाणी गढूळ, तपकिरी, वर फेस. "मला सांगा, घरातलं सांडपाणी छपरातून जातं का? खालून जातं! मग देहाचं वेगळं कसं असेल? डॉक्टर लोक वरून गोळ्या ओततात, ओततात, ओततात. अरे बाबांनो, मोरी तुंबलीय आणि तुम्ही वरून पाणी काय ओतता? मी काही देव नाही. मी फक्त मोरीचं बूच काढतो!"

टाळ्या पडल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, "तुमच्या ह्यांचं नुसतं चहासारखं दिसतंय. आमच्या ह्यांचं परवा डांबर निघालं होतं, डांबर!"

"पहिल्या दिवशी आमचंही तसंच होतं," शेजारीण फणकाऱ्याने म्हणाली. "आता कमी कमी होत चाललंय. म्हणजे बरं व्हायला लागलेत ते."

कडेच्या खुर्चीवर मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे शिंपी. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान, आणि शेजारपाजारच्या सगळ्यांचे खांदे, कंबरा नि पोटं त्यांना पाठ. चादर सरल्यावर स्वतःच्या पायाखालचं रंग बदललेलं पाणी ते बघत होते, पण एखाद्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याच शिंप्याकडून शिवून आणलेला कोट बघावा तसं. पाणी गरम होतं असं सगळे म्हणत. मास्तरांना ते गरमही लागत नव्हतं आणि गारही. साखरेच्या आजाराने त्यांचे पाय बधिर होऊन बराच काळ लोटला होता. बायको गेल्यापासून बाकीचं अंगही साधारण तसंच होतं.

"बघ रे, किती घाण साठली होती तुझ्यात!" आक्का त्यांच्या कानाशी म्हणाली. आक्का त्यांची थोरली बहीण. भावजय गेल्यावर ती एक ट्रंक घेऊन भावाकडे राहायला आली आणि घर तिने हातात घेतलं. भावाला काही झालं नाही पाहिजे, एवढा एकच तिचा ध्यास.

"हो," मास्तर म्हणाले. कुणी काही म्हटलं की ते हल्ली हो म्हणत.

गुरूंच्या सांगण्यावरून त्यांनी गोळ्याही बंद केल्या होत्या.

खरं तर त्याआधी मास्तर रुग्णालयातही जाऊन आले होते. ते देणगीवर चालणारं, नफा न बघणारं रुग्णालय चढावर होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी साखरेच्या रोग्यांसाठी एक खोली उघडली होती. दारावर पाटी होती : 'पाय तपासणी. कृपया पाय स्वच्छ धुऊन यावे.' बाहेर बाकावर चार माणसांदेखत चपला-मोजे काढून बसायचं. आत गेल्यावर परिचारिकेने मास्तरांना डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाली, "मी नायलॉनच्या दोऱ्याने तळपायाला टोचते. लागलं की सांगा."

मास्तर डोळे मिटून बसले. सुरुवात कधी होते याची वाट बघत राहिले.

"झालं," परिचारिका म्हणाली.

मास्तरांनी डोळे उघडले. चपला घातल्या. घरी आले. पुन्हा त्या खोलीत गेले नाहीत. जिथे काहीतरी होतं आणि आपल्याला कळतसुद्धा नाही, अशा ठिकाणी कशाला जायचं? जलगुरूंकडे निदान दिसत तरी होतं.

एके दिवशी आक्काला मास्तरांच्या मोज्यावर तपकिरी डाग दिसला. मोजा पायाला चिकटला होता. तिने तो सोडवला, उजेडात धरला आणि तिचा चेहरा खुलला.

"अरे, अजून निघतंय! टपातून पाय काढले तरी निघतंय!"

तिने तो मोजा शेजारी दाखवला. समोर दाखवला. दुसऱ्या दिवशी डाग मोठा झाला तेव्हा तिने गुरूंनाच नेऊन दाखवला. गुरूंनी डोळे मिटून मान डोलावली. "बूच निघालं," ते म्हणाले.

इकडे डॉक्टरीणबाईंची खोली ओस पडली होती. त्या काही दिवस दाराकडे बघत बसल्या, मग पिशवी खांद्याला लावून स्वतःच बाहेर पडल्या. जे एकदा येऊन पुन्हा फिरकले नव्हते त्यांच्या दारात जायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. मास्तरांच्या दुकानात त्या पाऊल टाकतात न टाकतात तोच थबकल्या. नव्या कापडाच्या वासाखाली दुसराच एक वास होता.

"मास्तर, मोजा काढा."

"बाई, आधीच सांगते," आक्का आतून आली, "त्यांचं विष निघतंय. तुम्ही मध्ये पडू नका."

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. दुकानाच्या फरशीवर, कापडाच्या चिंध्यांमध्ये, सरळ मांडी घालून. मास्तरांचा पाय त्यांनी मांडीवर घेतला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. त्याच्या मुळाशी त्यांनी चिमटा घातला, हळूच ओढलं, आणि काहीतरी वाटीत टाकलं. टण् वाजलं.

मास्तरांनी वाकून पाहिलं. मशीनची मोडकी सुई. पॅडल मारता मारता कधीतरी जमिनीवरून पायात घुसलेली.

"ही माझीच," ते म्हणाले. हरवलेली टोपी सापडावी तसं.

"मास्तर, हे बोट आता वाचत नाही. उद्या काढू. थांबलो तर पाऊल जाईल, आणखी थांबलो तर त्याच्याही वर कापावं लागेल. गोळ्या आजपासून सुरू."

"कापायचं?" आक्का ओरडली. "गुरू म्हणतात बैठका पुऱ्या झाल्या की बोट आपसूक लाल होतं! मी नाही कापू देणार. आईला शब्द दिलाय मी ह्याचा!"

"मास्तर, तुम्ही काय म्हणता?"

मास्तरांनी आक्काकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "आक्का म्हणेल तसं," ते म्हणाले. वाद घालायलाही काहीतरी वाटावं लागतं.

बाई जखम धुऊन पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "ठीक. आक्का, आज संध्याकाळी आपण तिघं तुमच्या गुरूंकडे जाऊ. मीही बघते विष कसं निघतं ते." आक्का खूश होऊन शाल आणायला आत गेली. तेवढ्यात बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, ही जखम पाण्यात जाता कामा नये. खुर्चीवर बसा, पण दोन्ही पाय टपाच्या मागे खुर्चीखाली ओढून घ्या. चादर वरून येतेच. आणि गप्प बसा."

"हो," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना दारात पाहून जलगुरूंचा आवाज आणखी चढला. "या, या! आज विज्ञान स्वतः चालत आलंय!" माणसं हसली. मास्तर खुर्चीवर बसले, पाय मागे घेतले. वर चादर पडली. गुरूंनी लोकांकडे तोंड ठेवूनच चादरीखालून यंत्र पाण्यात सोडलं. एक डबा, त्याला वायर आणि वायरच्या टोकाला मूठभर पट्ट्यांचा जुडगा. मग वाडग्यातलं भारलेलं मीठ चिमटीने आत सोडलं, काहीतरी पुटपुटले आणि बटण दाबलं. चादरीखाली बारीक बुडबुड सुरू झाली.

"आज बाईंसमोर मास्तरांचं सगळं मूळ उपसून निघणार! आक्का, तुमच्या हाताने काढा चादर."

आक्काने चादर ओढली.

टपात पाणी तपकिरी, गढूळ, वर फेस. माणसांनी आ वासला. आणि मग एकेकाची नजर खाली गेली. मास्तरांचे पाय खुर्चीखाली होते. एकाला पांढरी पट्टी. दोन्ही कोरडे ठणठणीत.

"अरेच्चा," खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "मग निघालं कुणाचं?"

गुरू क्षणभरच अडखळले. "श्रद्धेला पाय लागत नाहीत! आक्कांच्या भक्तीने विष दुरून ओढून घेतलं!"

"मग तर फारच सोयीचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मास्तर, उठा. आक्का, तुम्हीही मागे या. आता खुर्चीत कुणीच नको. द्या हो एक ताजं टप."

लोकांनीच टप पुढे सरकवलं. आता मागे हटायची सोय नव्हती. गुरूंनी यंत्र सोडलं, बटण दाबलं. पाणी होतं तसंच राहिलं. गुरूंना धीर आला. "पाहिलंत? माणूस नाही तर विष नाही!"

"तुम्ही मीठ विसरलात," बाई म्हणाल्या.

गुरू हलले नाहीत. आक्का पुढे झाली. वाडग्यात हात घातला, चांगलं मूठभर मीठ घेतलं आणि रिकाम्या खुर्चीपुढच्या टपात टाकलं. बुडबुड वाढली. पट्ट्यांभोवती आधी पिवळट धूर पसरावा तसं काही पसरलं, मग तांबडं, मग तपकिरी. मुठीचं मीठ होतं, त्यामुळे डांबरच झालं.

"खुर्चीला साखर झाली रे!" कुणीतरी ओरडलं, आणि हॉलमध्ये हशा पिकला. आक्का हसली नाही.

डॉक्टरीणबाईंनी बटण बंद केलं, पट्ट्यांचा जुडगा वर काढून सगळ्यांना दाखवला. उंदराने कुरतडल्यासारख्या कडा. "हे साधं लोखंड आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की लोखंड झपाट्याने गंजतं. तोच गंज तुम्ही बघता. साध्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून मीठ लागतं. नव्या माणसाला जास्त मीठ, म्हणजे पाणी काळं. मग दर बैठकीला कमी कमी, म्हणजे वाटतं आजार उतरला. बॅटरी आणि दोन खिळे घेऊन घरीसुद्धा करता येईल. पायांतून एक थेंबसुद्धा निघालेला नाही."

"पण मला हलकं वाटतं हो," एक म्हातारा हळूच म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "वाटणारच, काका. कोमट पाण्यात कुणी पाय धुऊन दिले, चौकशी केली, तर कुणालाही बरं वाटतं. ते आम्ही केलं नाही. रुग्णालय उघडताना आम्ही घरोघर जाऊन विचारलं, तुम्हाला काय दुखतं? तुम्ही डोळे सांगितलेत, गुडघे सांगितलेत, बाळंतपणाला न्यायला गाडी मागितलीत. पाय कुणीच सांगितले नाहीत, कारण बधिर पाय दुखतच नाही. आणि खोली उघडली तर दारावर लिहिलं, पाय धुऊन या. ती आमची चूक."

तेवढ्यात आक्काने विचारलं, "बाई, मग तो मोजा?"

"ते रक्त होतं, आक्का. आणि पू."

आक्का खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तो मोजा तिने किती जणांना दाखवला होता, ते सगळे तिथेच उभे होते. गुरू वायरी गुंडाळत होते.

"उद्या कधी आणू ह्याला?" तिने विचारलं.

बोट गेलं. पाऊल राहिलं. मास्तर पुन्हा पॅडल मारायला लागले, आधी हळू, मग पूर्वीसारखे, पण आता पायात बंद बूट घालून. छापखान्याचा हॉल रुग्णालयाने भाड्याने घेतला आणि पाय तपासणीची खोली चढावरून तिथे उतरली. टपं तीच. पाणी किती गरम आहे ते परिचारिका कोपर बुडवून बघते, कारण बधिर पायावर भरवसा ठेवता येत नाही. मग पाय धुते, बोटांच्या बेचक्या पुसते, तळवा निरखते. पाणी स्वच्छच राहतं. सुरुवातीला काही जणांना त्याचं वाईट वाटलं.

दोऱ्याची तपासणी पुन्हा झाली. मास्तर डोळे मिटून बसले. या वेळी थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "झालं ना?"

"झालं. कळलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "पण होत असणार, एवढं कळलं."

परत न येणारी जाणीव कुठल्याही टपातून परत येत नाही, हे कबूल करायला जड जातं. म्हणूनच तर चादरीखालचे चमत्कार खपतात. पण जे आपल्याला कळत नाही, त्याच्यावर चादर घालू नये. उजेडात धरावं आणि बघावं. मीठ काढून बघावं, पाय काढून बघावं, रिकामी खुर्ची ठेवून बघावं. बघायला देव लागत नाही आणि फार शिक्षणही लागत नाही.

दुकान बंद करताना मास्तर हल्ली गिऱ्हाइकांचा मोठा आरसा भिंतीवरून उतरवतात आणि जमिनीवर आडवा ठेवतात. त्यावर तळपाय धरतात. त्यांचे डोळे अधू झालेत, म्हणून आक्का दिवा घेऊन शेजारी बसते.

"आहे का काही?" मास्तर विचारतात.

"काही नाही," आक्का म्हणते, आणि दिवा आणखी खाली आणते. "थांब. घाई करू नकोस. आता दुसरा पाय."