पोटाचं चित्र

मी तीस वर्षं माइट काचेवर चिकटवले. माइट म्हणजे कोण, असं विचारलंत तर गोचिडीचा धाकटा चुलतभाऊ समजा. गोचीड निदान डोळ्यांना दिसते तरी. हे टाचणीच्या डोक्यावर चार मावतील. पिठात, उशीत, पक्ष्यांच्या पिसात, कुठे नाहीत ते विचारा. नाकं मुरडू नका, तुमच्या भुवयांच्या मुळाशीही आहेत.

आमच्या सरांचा जीव मातीतल्या माइटांवर. कुजका पाला जाळीवर पसरायचा, वर दिवा लावायचा. धग लागली की बिचारे खाली पळतात आणि नरसाळ्यातून थेट स्पिरिटच्या बाटलीत. पुढचं काम माझं. काडीला पापणीचा केस चिकटवून त्यानं एकेक उचलायचा, पाय सरळ करायचे, एक पाठ वर करून, एक पोट वर करून मांडायचा. सर बघून चित्र काढायचे आणि जात नवी निघाली की नाव द्यायचे. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही, अशी या धंद्यात रीत आहे. मग त्यांनी गुरूंचं दिलं, गुरुपत्नीचं दिलं, संचालकांचं दिलं, अनुदान देणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांचं दिलं. अशा एक्केचाळीस जाती. त्यातली एक माझ्या चिंगीच्या नावाची.

चिंगी माझी मुलगी. नऊ वर्षांची होती. सकाळपासून अंग तापलेलं, म्हणून मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. सरांना दुसऱ्या दिवशी परिषदेला जायचं होतं. "बाई, एवढ्या पाच स्लाइड करून जा ना," म्हणाले. केल्या. पाचवीत एक पाय वाकडा बसला म्हणून ती पुन्हा केली. मी घरी पोचायच्या आधी पाऊण तास चिंगी गेली होती. शेवटी मलाच हाका मारत होती, असं सासूबाईंनी सांगितलं. न सांगत्या तर काय बिघडलं असतं?

सहा महिन्यांनी सरांनी एक छापील कागद माझ्या हातात ठेवला. त्यात एक पांढराशुभ्र, मऊ किडा, पाठीवर पिसासारखे केस. आणि खाली माझ्या पोरीचं नाव, शेवटी लॅटिनचं शेपूट लावलेलं. "जग आहे तोवर हे नाव राहील, बाई," सर म्हणाले. मी टेबलावर डोकं टेकून रडले, त्यांना हात जोडले. आता आठवलं की अंगाची लाही होते.

यंदा माझी निवृत्ती. दोन महिने उरले तेव्हा मनात आलं, चिंगीचा किडा आपण जिवंत कधी पाहिलाच नाही. होते ते तीन, तिन्ही काचेखाली. एकदा चालताना बघावा. सरांना तो सापडला होता इमारतीमागच्या गळक्या पाइपाखालच्या शेवाळात. तिथलंच शेवाळ खरवडून आठ दिवस शोधलं आणि दोन मिळाले. प्लास्टर आणि कोळशाची पूड कालवून डबीचा तळ केला. रोज थेंबभर पाणी, कुजक्या पानाचा तुकडा. एकाला बुरशीनं खाल्लं. दुसरा मात्र पान कडेकडेनं कुरतडायचा, चिंगी बिस्कीट खायची तसा. "खा गं बाई, सावकाश," असं मी डबीशी बोलायचे. हसा खुशाल.

अठराव्या दिवशी तो हलेनासा झाला. मेला म्हटलं, पण टाकवेना. जेवणाच्या सुट्टीत रोज डबी मायक्रोस्कोपखाली घेऊन बसायचे. पाचव्या दुपारी त्याची पाठ उकलली आणि आतून एक तपकिरी, टणक, गुळगुळीत किडा बाहेर यायला लागला. पाय सुटायच्या आधीच मी ओळखला. कुठल्याही बागेतली मूठभर माती घ्या, त्यात हा असतोच. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलेला.

म्हणजे चिंगीची जात नव्हतीच मुळी. ते या तपकिरी किड्याचं पोर होतं. या लोकांची पोरं आईबापांसारखी दिसतच नाहीत. अंड्यातून निघतात तेव्हा तर पायही आठऐवजी सहाच असतात. आणि एका जातीला दोन नावं पडली तर जुनं राहतं, नवं जातं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

कुणी पाहिलं नव्हतं. चहाच्या किटलीत उकळतं पाणी होतं. डबीत ओतायला मी किटली उचललीसुद्धा. मग वाटलं, पायावरचे केस मोजणारा हा माणूस, त्याला हे दिसलं कसं नाही? किटली ठेवली आणि कपाटातून सरांचे सगळे कागद काढले. चाळीस जातींना दोन-दोन चित्रं, पाठीचं आणि पोटाचं. चिंगीला फक्त पाठीचं. पोटावर अंडी घालायचं दार असतं. मोठ्यांत ते पुरतं झालेलं असतं, पोरांत अर्धवट. पोट वर केलेला किडा तर मीच मांडून दिला होता!

तडक सरांच्या घरी गेले. ते निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण टेबल तसंच मांडलेलं.

"सर, चिंगीचं पोट का काढलं नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "डबीत पाळलात की काय?"

"उत्तर द्या."

"शंका होती मला तेव्हाच," ते म्हणाले. "अहो, पक्क्या जाती मोठ्या माणसांना द्याव्या लागतात. त्यांची कच्ची निघाली तर नाचक्की होते. तुमच्या वेळी वाटलं, निदान तुम्हाला बरं वाटेल. तुमची तपासायला कोण येणार होतं?"

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. मी मोजले आणि एकही सापडला नाही.

"ती डबी ओतून टाका, बाई. माझा गौरवग्रंथ छपाईला गेलाय. एक कच्ची निघाली की लोक बाकीच्या चाळीसही उकरतील. आणि तुम्ही बोललात तर तुमच्याच पोरीचं नाव जाईल, विचार करा."

"जाईल म्हणजे कुठे जाईल?"

"पुसत नाहीत. जुन्या नावाखाली राहतं, बारीक अक्षरात."

"बारीक अक्षरात आम्ही राहतोच, सर," म्हटलं आणि उठले.

खोटं कशाला सांगू, अर्ध्या रस्त्यापर्यंत मी गप्प बसायचंच ठरवलं होतं. जगात तिचं नाव आणखी कुठे आहे? शाळेच्या एका जुन्या वहीवर आणि त्या कागदावर. पण मग डोकं भणभणलं. ज्या माणसानं पाच स्लाइडसाठी मला अडवलं, त्याच्या लबाडीवर माझी पोर राखण करत बसणार? का म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटची स्लाइड केली. एकाच काचेवर डावीकडे पांढरी कात, उजवीकडे तिच्यातून निघालेला तपकिरी किडा, दोन्ही पोट वर करून. एक पाय वाकडा बसला, तो सरळ केला. लेबलवर जुनं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली बारीक अक्षरात चिंगीचं. स्लाइड सरांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि काय पाहिलं ते तारीखवार सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमची खात्री आहे? कात टाकताना तुम्ही स्वतः तिथे होतात?"

होते म्हटलं. चिंगी गेली तेव्हा नव्हते, पाच स्लाइड करत होते. या वेळी शेवटपर्यंत जवळ बसले होते.