भिंगरूचा दहावा

आठव्या भागाच्या शेवटच्या पानावर भिंगरू काळ्या भोवऱ्यात गेला, रिकामं घंगाळ तेवढं वर आलं, आणि कोपरीच्या मासळीबाजारात आवडाबाईनं कोयता खाली ठेवून पाटी पालथी घातली.

"पोऱ्या गेला," ती म्हणाली. "सुतक हाय. आता धंदा नाय."

"आवडाबाई, अहो, पुस्तक आहे ते."

"मंग? पुस्तकातला पोऱ्या पोऱ्या नाय?"

मी पुस्तक मिटलं. एरवी मी गप्प बसणाऱ्यातला नाही. ऑफिसात माझ्या टेबलाजवळून साहेबसुद्धा जपून जातात.

'भिंगरूच्या सफरी' लहानपणापासून माझा जीव की प्राण. एकूण नऊ भाग. दहा वर्षांचा भिंगरू तांब्याच्या घंगाळात बसून जमिनीखालच्या समुद्रांवर हिंडतो, त्याचा मंत्री म्हणजे एक तिरळं घुबड, आणि त्याची वैरीण मिठाराणी, जी रडली की मिठागरं पिकतात. माझ्याकडे आठच भाग होते. नवव्यासाठी खाऊचे पैसे साठेपर्यंत प्रकाशकानं दुकान गुंडाळलं. चौतीस वर्षांचा झालो तरी मी ते आठ भाग फिरून फिरून वाचतो, आणि माझी धाकटी बहीण हेमा कपाळावर हात मारून घेते. "दादा, या वयात लोकांची मुलं ही पुस्तकं वाचतात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणते.

म्हणून आवडाबाई. एका रविवारी ती सुरमई कापत असताना माझ्या पिशवीतलं पुस्तक तिला दिसलं. "काय लिवलंय?" म्हणाली. मी वाचून दाखवलं. तेव्हापासून दर रविवारी ती मासे साफ करी आणि मी वाची. भिंगरू दर्यावर्दी, म्हणजे तिच्याच जातीचा, असा तिनं परस्पर निकाल लावून टाकला होता. आठवड्यात तेवढा एक तास मला कुणी वेडा म्हणत नसे. आता तोच बुडाला होता.

आवडाबाईचा भाऊ गुणाजी होडीवरचा माणूस. तो काहीतरी धीर देईल म्हणून मी त्याला विचारलं. त्यानं भोवरा किती रुंद, घंगाळ उलटं आलं की सुलटं, हे नीट विचारून घेतलं. "सुलटा? मंग गेला," म्हणाला. "दहावा घाला."

भटजींना मी खरं काय ते सांगितलं. वाटलं, हा शहाणा माणूस तरी झिडकारेल. ते विचार करून म्हणाले, "देह सापडला नसेल तर दर्भाचा पुतळा करतात. मृत मनुष्य जन्मलाच नसेल, तर मनाई कुठे लिहिलेली नाही."

दहाव्या दिवशी आम्ही खाडीवर जमलो. विधीला भिंगरूचं म्हणून मांडलेलं घंगाळ आमच्या न्हाणीघरातलं होतं, म्हणून ते सांभाळायला हेमाही आली होती.

"मृताचं गोत्र?" भटजींनी विचारलं.

मी आठही भाग चाळले. कुठे नव्हतं.

"मग काश्यप धरू. मुंज?"

"आठ भागांत त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, मुंज कुठली!"

"मग एवढा विधी लागत नाही."

"सात दर्ये फिरला तो," आवडाबाई कडाडली. "पुरा करा."

पुरा केला. आवडाबाईनं भाताचा पिंड वळून ठेवला. खाडीवर कावळ्यांना कधी तोटा नसतो, पण त्या दिवशी सगळे आमच्याकडे पाठ करून बसले होते. काहीतरी इच्छा राहिली असणार. आवडाबाईनं हात जोडून सांगितलं, "तुज्या घुबडाला मी सांभालीन." कावळा हलेना. गुणाजी म्हणाला, "मिठाराणीला बघून घेऊ." कावळा हलेना. हेमानंसुद्धा, घरी जायची घाई म्हणून, घंगाळ चिंचेनं घासून लख्ख ठेवायचं कबूल केलं. ऊन चढलं. माझं डोकं फिरलं.

"तुझा नववा भाग शोधून वाचीन, बाबा!" मी ओरडलो. "आता तरी शिव!"

कावळा शिवला. भटजींनी पिंड खाडीत सोडला.

आता पिंडाला दिलेला शब्द. मोडून चालणार होतं थोडंच? ठाण्यापासून कल्याणपर्यंतची वाचनालयं, रद्दीची दुकानं पालथी घातली. शेवटी कळलं, डोंबिवलीला मानपाडा रोडवर विश्राम समर्थ नावाच्या निवृत्त हेडमास्तरांकडे जुनी बालपुस्तकं आहेत. नववा भाग त्यांच्या कपाटात काचेआड होता. मला गहिवरून आलं.

"देत नाही," समर्थ म्हणाले. "मागे एक दिलं, ते वरणाचे डाग घेऊन परत आलं."

"पिंडाला शब्द दिलाय हो."

ते चष्मा काढून उभे राहिले. "कावळा शिवला?"

"शिवला."

"मग माझ्या हातात काय उरलं?" म्हणत त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, "मुंज राहिलीच ना त्याची?"

येताना मी एक पानही उघडलं नाही. आनंद होत होता, पण भीतीही वाटत होती. पुस्तक बारीक होतं. ते संपलं की आवडाबाई मासे कापणार, मी पैसे देणार, आणि पिशवी घेऊन मुकाट घरी जाणार.

रविवारी बाजारात पहिलं पान वाचलं. "समुद्राच्या तळाशी भिंगरूला फार भूक लागली. तेवढ्यात वरून भाताचा एक गोळा हलके हलके खाली आला. त्यावर काळे तीळ होते. भिंगरूनं तो खाल्ला आणि त्याच्या अंगात बळ आलं."

मी छपाईचं साल पाहिलं. माझ्या मुंजीच्या आधीचं.

"माज्याच हातचा," आवडाबाई म्हणाली. "तील जरा जास्ती परले व्हते."

भिंगरू जिवंत होता! आम्ही पेढे वाटले. पुढच्या रविवारी त्यानं मिठाराणीला हसवून संपवलं, त्याच्या पुढच्या रविवारी तो घरी निघाला. शेवटचं पान उरलं. भिंगरूनं आईच्या दारावर थाप मारली, आणि मी पान उलटणार तोच आवडाबाईनं मासळीचा हात पुस्तकावर ठेवला. समर्थांना आता काय सांगायचं, हे मला कळेना.

"थांब. दार उघरू नको. ज्याचा पिंड परला त्याला घरान घेता येत नाय."

पुन्हा भटजी. ते म्हणाले, दहावा घातलेला माणूस परत आला तर त्याचा नव्यानं जन्म झाला असं धरतात. बारसं करायचं, नाव बदलायचं, मग तो घरात.

आवडाबाईच्या अंगणात पाळणा बांधला. समर्थ डोंबिवलीहून पुस्तकाच्या मापाची कुंची शिवून घेऊन आले होते. डाग त्यांनी पाहिला, पण बाळानं दूध ओकावं तसा पुसून टाकला. घुगऱ्या झाल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि मी कडेवर घेऊन आलो म्हणून आत्या हेमाच. मला वाटलं, ती हसेल. ती नवी साडी नेसून आली होती. पाळण्यात वाकून पुस्तकाच्या कानाशी, म्हणजे कोपऱ्याशी, कुजबुजली आणि मग मोठ्यानं म्हणाली, "निनाद!"

"ह्ये कसलं नाव?" आवडाबाई म्हणाली, पण आत्यापुढे कुणाचं चालतं?

सगळे पाळण्याभोवती बसले. मी पुस्तक उचललं आणि शेवटचं पान काढलं. लहानपणापासून वाट पाहत होतो, पण आधी उगाचच त्याची कुंची सारखी केली.

"ह्ये काय करतंस रं, मधुभाऊ?" आवडाबाई म्हणाली.

"शेवट वाचतो. आता दार उघडायला हरकत नाही ना?"

"आज जल्मलेला पोऱ्या तो. त्याला आईचं दार कसं ठावं असंल? दर्या तरी कुठं बगितलाय त्यानं?" तिनं कोयता पुढ्यात ओढला. "पयल्यापासून वाच."

मला इतका आनंद झाला की मी नववा भाग मिटून पुन्हा पाळण्यात ठेवला. हेमानंच पिशवीतून पहिला भाग काढून दिला.

"'एका गावात निनाद नावाचा मुलगा होता,'" मी वाचलं. "'त्याच्या घरी एक तांब्याचं घंगाळ होतं.'"

"मंग?" आवडाबाई म्हणाली.