महाकाली बघून ये

“धरण होणार म्हणजे घर जाणारच ना, मावशी?” जयराजने विचारलं, तशी चहाचा ग्लास पुढे करणारी मुक्ताबाई तिथेच गेटजवळच्या पायरीवर बसली.

जयराज बोहरा नवी मुंबईत, कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीचा वॉचमन; मुक्ताबाई तिथेच मुलाकडे राहणारी. नेपाळचा, बैतडीकडचा. तुर्भ्याच्या कारखान्यात राबणारा त्याचा एक गाववाला सकाळीच सांगून गेला होता, की भारत आणि नेपाळने करार केलाय, महाकाली नदीवर मोठं धरण बांधायचं ठरलंय.

महाकाली कुठं आली ते मुक्ताबाईला ठाऊक नव्हतं. जयराजने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. बर्फातून उतरणारी नदी. अलीकडे नेपाळ, पलीकडे हिंदुस्थान. त्याचे आजोबा सांगायचे, पूर्वी दोन्ही काठांवर एकाच राजाचा अंमल होता; इंग्रजांशी लढाई हरल्यावर नदीचीच सीमा झाली. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. जयराजची बहीण पलीकडेच दिलेली. संध्याकाळी झुलता पूल बंद झाला की आई अंगणात उभी राहायची. पलीकडे लेकीच्या घरी दिवा लागलेला दिसला की मगच घरात यायची.

मुक्ताबाईने मग आपलं सांगितलं. एरवी ती कुणाजवळ बोलत नसे. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा ती नवी नवरी होती. गुरं, भांडी, धान्य हलवण्यातच सगळ्यांचे दिवस गेले. तिचा नवरा शहाजी पुढे मुंबईच्या बाजारात ओझी उचलायला आला, बाजार तुर्भ्याला हलला तसं बिऱ्हाड खाडी ओलांडून इथे आलं, आणि शहाजी इथेच वारला. गाव पाण्याखालीच होतं.

“तू जा,” ती म्हणाली. “पानी यायच्या आदी घर नीट बघून ये. आमी सामान बघत बसलो, घर बघायचं राहिलं.”

त्याला नोकरीची धास्ती होती. गेट सोडलं की त्या खुर्चीवर दुसरा कुणी बसणार. तेव्हा मुक्ताबाईच सेक्रेटरी श्यामसुंदर यांच्याकडे गेली. तो येईपर्यंत दिवसपाळी मी करते, म्हणाली. ते हसले. ती हलेना, तेव्हा कबूल झाले. तिच्या मुलाने, कुलदीपने, घर डोक्यावर घेतलं. आईने गेटवर बसावं म्हणजे लोक काय म्हणतील, हे त्याचं म्हणणं. मुक्ताबाईने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नऊवारीवर शिट्टी अडकवून खुर्चीत जाऊन बसली.

जयराज परतला तेव्हा उन्हाळा भरात आला होता. धरणाचा अजून पत्ता नव्हता. फक्त मोजणीवाले येऊन गेले होते. घराच्या कितीतरी वर, डोंगरातल्या एका दगडावर त्यांनी पांढरा पट्टा ओढला होता. पाणी तिथवर येणार. आईने तो पट्टा दाखवला आणि मग गळक्या छपराच्या दगडी पाट्या बदलायला त्याला वर चढवलं.

मुक्ताबाई विचारत राहिली. चूल कुठे, गोठा कुठे, ऊन आधी कुठल्या भिंतीवर येतं. त्याला सगळं सांगता येत होतं.

“और तुमचं घर, मावशी?” त्याने विचारलं. “दारातून निघालं की नदी कुठे? डावीकडे की उजवीकडे?”

तिला ते आठवेना. विचारावं असं आता कुणी उरलं नव्हतं.

मग ती उठली. उंबऱ्यातून बाहेर पडावं तशी उभी राहिली. नदीवर पाण्याला निघताना कमरेवर घागर धरावी तसा डावा हात वाकवला आणि डावीकडे दोन पावलं टाकली. नाही. मागे आली, घागर उजव्या कमरेवर घेतली, पुन्हा निघाली.

गेटबाहेर एक रिक्षा हॉर्न देत होती. जयराजने हाताने रिक्षावाल्याला थांबायची खूण केली.