वळणावरचा नाडा

मी मोटेचा नाडा. पायजम्याचा नव्हे, हसू नका! अंबाडीच्या वाखाचा, मनगटाएवढा जाड. मारुतीराव आणि त्यांचा थोरला भाऊ भरमा यांनी दारात बसून मला वळलं. निपाणी-बेळगाव रस्त्यालगतच्या त्यांच्या विहिरीवर बैलांमागे पाण्याची मोट ओढत मी पुष्कळ राबलो.

मग कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांना हुक्की आली. त्यांनी आमच्या रस्त्यावर मोटारींची शर्यत लावली. आमची माणसं शर्यतीची वेडी, पण बैलगाड्यांच्या. पहिल्या गाडीच्या बैलांपुढे जाऊन भंडारा उधळायचा आणि ऐनवेळी बाजूला व्हायचं, ही इथली रीत. भरमा मूठभर भंडारा घेऊन तसाच मोटारीपुढे धावला. बैल माणूस बघून अंग चोरतो, मोटार कशाला चोरेल? भरमा जागच्या जागी गेला. साहेबांनी हळहळ केली आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शर्यत जाहीर केली.

भरमाची बायको जयाबाई तोवर कुणाशी धड बोलत नव्हती. पुन्हा शर्यत होणार हे कळलं तेव्हा मात्र दिराला म्हणाली, "भावजी, लोकं पुन्यांदा बघाय जाणार. आनखी एकीचं कपाळ पांढरं हुऊ दिऊ नगा."

मारुतीरावांनी ते अंगावर घेतलं. बघ्यांना रस्त्यापासून लांब अडवायला विहिरीविहिरीवर जाऊन नाडे मागितले. ऐन उन्हाळ्यात मोट थांबवायची म्हणजे पिकाशी खेळ. लोक कुरकुरले.

"मिरची एक दिस तहान काढंल रं," मारुतीराव म्हणाले, "भरमाण्णाला मी कुठनं आणू?"

मग मुकाट्यानं नाडे सुटले. आम्हाला एकमेकांना गाठी मारून वळणावर, रस्त्यापासून चांगलं लांब, बांधापलीकडच्या बाभळींना ताणून बांधलं. सगळ्यांनी नावं ठेवली. शर्यतीच्या दिवशी शामू नावाचा आगाऊ गडी तर माझ्यावरून टांग टाकून रस्त्याकडे निघालाच.

"हितनं काय बी दिसंना, आप्पा!"

"मोटार न्हाय दिसली तरी चालंल. उद्या तू दिसाय पायजेस!" मारुतीरावांनी मानगूट धरून त्याला मागे ओढलं.

तेवढ्यात पहिली मोटार आली. तिला वळण साधलं नाही. रस्ता सोडून ती, शामूला जिथं उभं राहायचं होतं तिथूनच, भरधाव आली आणि बांधावर आदळून उलटली. माझ्या अंगावर नुसता धुरळा उडाला. साहेब खरचटलेलं नाक धरून बाहेर आला.

मारुतीराव मला धरून धुरळ्यातून एकेकाला हाका मारत निघाले.

"भावकू?"

"हाय."

"गुणाक्का?"

"हाय की!"

शामूनं नुसता हात वर केला. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! शेवटच्या बाभळीपाशी जयाबाई उभी होती.

"भावजी," ती म्हणाली, "आज समदी घरला चालली."

मारुतीराव माझ्यावर कपाळ टेकून लहान पोरासारखे रडले.

पुढे साहेबसुद्धा दोर बांधल्याशिवाय शर्यत सोडेनात. यंदा तर ते देशच सोडून गेले. मीही झिजलो, गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असतो. रस्त्यावर मोटारी मात्र वाढतच चालल्यात. कुठं आडवा दोर दिसला तर चिडू नका, बाबांनो. कुणीतरी आपलं माणूस गमावल्यावर तो बांधलेला असतो.