रिकामा झोका

कॉम्प्युटरवर एक चित्र काढायला किती वेळ लागावा? मला वाटायचं, बटन दाबलं की निघतं. आमच्या रोशनीने संक्रांतीच्या आठवड्यात चित्र सुरू केलं आणि चैत्र सरत आला तरी ते चालूच. तेवढ्या वेळात मी पापड, कुरडया, शेवया आणि वर्षाचा मसाला करून मोकळी झाले. ही आपली त्या काळ्या स्क्रीनच्या पाटीवर पेन फिरवतेय.

"आज काय झालं गं?" मी संध्याकाळी विचारायची.

"भाईदास नानांच्या धोतराचा काठ झाला."

"अख्ख्या दिवसात?"

"आणि एक चप्पल."

आता सांगा, माणसाने डोक्याला हात लावू नये तर काय करावं! एक चप्पल म्हणे. दुसरी उद्या.

आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहतो. रोशनी माझी मुलगी, चोवीस वर्षांची. घरूनच पुण्याच्या कंपनीसाठी चित्रं काढते, त्यांची ती वेळेत देते बरं का. हे चित्र मात्र तिचं स्वतःचं, म्हणजे खरं तर तिच्या आजोबांचं. लीलाधर आबा माझे सासरे. वय शहात्तर, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. अमळनेरजवळच्या आमच्या गावातली पंचावन्न वर्षांपूर्वीची आखाजी तिला काढायची होती. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात आणि तिच्यापुढे दिवाळीसुद्धा फिकी. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. आणि लेक आपली आपण येत नाही. भाऊ तिला घ्यायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही, तर बाई दारात उभी राहते आणि सासरचे लोक तिच्याकडे बघतात. बाकी काही बोलावं लागत नाही.

तर आबा खुर्ची ओढून रोशनीच्या शेजारी बसायचे. ते सांगायचे, ती काढायची. मग तो माणूस स्क्रीनभर मोठा करून दाखवायची आणि आबा चुका काढायचे. "याना डावा खांदा खाले पाह्यजे. कावड वाही वाही तसा व्हयेल व्हता." झालं! खांदा पुसायचा, पुन्हा काढायचा. कुणाच्या लुगड्याला ठिगळ होतं, कुणाचा बैल मारका होता, सगळं त्यांना पाठ.

सगळ्यात वैताग त्या निंबाचा. मोठा निंब, त्याला सात झोके. ही बया त्याचं एकेक पान वेगळं काढायची. मी म्हटलं, "अगं, एक पान काढ आणि हजार वेळा चिकटव. कॉम्प्युटर कशाला घेतलाय मग?"

"चिकटवलेलं कळतं, मम्मी."

"कोणाला कळतंय?"

तिने माझ्यासमोर एक फांदी चिकटवून केली. मला तर छानच वाटली. तेवढ्यात आबा न्हाणीतून टॉवेल खांद्यावर टाकून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हाई फांदी खोटी शे." रोशनीने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

चित्रात कोण कोण होतं याची आबांनी वही केली होती. दोनशे बारा माणसं. रोज चहा झाला की वही उघडायची, नावांवरून बोट फिरवायचं आणि विचारायचं, "कोणी राह्यनं का?" मला या सवयीचं हसू यायचं. आता येत नाही.

आखाजीला आठच दिवस उरले होते. मी चहा घेऊन गेले, तर रोशनीने चित्र लहान करून पूर्ण स्क्रीनवर आणलं होतं. खोटं कशाला बोलू, कप हातातच राहिला. गाव उठून उभं राहिलं होतं! धूळ, ऊन, घागरी, कैऱ्या खाणारी पोरं. सहा झोक्यांवर पोरी. सातवा झोका रिकामा. दोन दोऱ्या, खाली पाट, बस.

"हा कोणाचा?"

"आबा म्हणतात, राहू दे रिकामा," रोशनी म्हणाली.

मला कळायचं ते कळलं. आबांना एक सख्खी बहीण आहे, सुंदरबाई. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, म्हणून ती आमची सुंदरफुई. शिरपूरला दिलेली. माझ्याच लग्नात बिनसलं. लग्नाच्या पत्रिकेत एकशे चाळीस नावं होती आणि नवरदेवाच्या सख्ख्या फुईच्या नवऱ्याचं, हेमराजभाऊंचं, नाव नव्हतं. हेमराजभाऊ भरल्या ताटावरून उठले आणि बायकोला घेऊन निघून गेले. आबा म्हणाले, छापखानेवाल्याची चूक, मी कशाला नाक घासू? त्या वर्षी आखाजीला मुऱ्हाळी गेला नाही. पुढच्याही नाही. सव्वीस वर्षं नाही.

माझी हळद उतरली नव्हती तेव्हापासून बायका कुजबुजायच्या, "हिच्याच लग्नात बरं का." ते सगळं त्या क्षणी माझ्या तोंडात आलं.

"आबा, गावातली कुत्री काढली तुम्ही! मारका बैल काढला! आणि सख्खी बहीण राहिली? त्या छापखानेवाल्याने एक नाव गाळलं, तर तुम्ही माणूसच गाळता?"

सासऱ्यांशी असं बोलायची माझी पहिलीच वेळ. आता घर डोक्यावर घेतील असं वाटलं. पण त्यांनी वही मिटली, चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"छापखानावालानी चूक नव्हती," ते म्हणाले. "नाव मीच इसरनू व्हतू. यादी मन्ही व्हती."

सव्वीस वर्षं तो बिचारा छापखानेवाला आमच्या घरात शिव्या खात होता. मला रागही आला आणि रडूही आलं. एका विसरलेल्या नावापायी या माणसाने बहीण सोडली, कारण "विसरलो" एवढं म्हणवेना.

रोशनी शांतपणे म्हणाली, "आबा, मला फुईआजीचा चेहरा माहीत नाही. फोटो नाही. बघितल्याशिवाय मी काढणार कशी?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा इस्त्रीचा सदरा, टोपी घालून दाराबाहेरच्या ओट्यावर तयार. "शिरपूरनी बस कितीले शे?" या दोघांना एकटं पाठवायची माझी छाती होईना, म्हणून मीही निघाले. चोपड्यापर्यंत आबा ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते.

सुंदरफुईने दार उघडलं. केस पांढरे झालेले, पण नाक थेट आबांचं. तिने भावाकडे बघितलं आणि दाराची चौकट धरली. हेमराजभाऊ आत खाटेवर बसले होते.

"सुंदर," आबा म्हणाले, "मी मुऱ्हाळी म्हणीसन उनू."

घोकलेलं सगळं विसरले होते. फुईने नवऱ्याकडे बघितलं. हेमराजभाऊ जागचे हलले नाहीत. "छापखानावाला संगे नही उना का?" त्यांनी विचारलं. सव्वीस वर्षं धार लावून ठेवलेलं वाक्य होतं ते, लागायचं तिथे लागलं.

आबांनी टोपी काढली. "त्यानी चूक नव्हती, हेमराजभाऊ. मीच इसरनू. आन इतला वरीस खोटं बोलनू."

फुई चौकट सोडून म्हणाली, "पह्यले पानी तं प्या." आम्ही आत गेलो.

रोशनीने पाटी मांडीवर घेतली आणि चित्र उघडलं. फुई बोटाने एकेक माणूस मोठा करत गेली. एकेकाचं नाव घ्यायची आणि पदर डोळ्याला लावायची. मग रिकाम्या झोक्यापाशी थांबली. "हाऊ मना," ती म्हणाली. हा माझा, असं विचारलं नाही, सांगितलं.

हेमराजभाऊ इतका वेळ भिंतीकडे बघत होते. आता चष्मा लावून आले. चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, पुन्हा बघितलं. "मी कथाच नही," ते म्हणाले.

हे कुठेच नाहीत म्हणे. अरे देवा, पुन्हा! आबांचा चेहरा तर पडलाच. रोशनी घाईघाईने म्हणाली, "आजोबा, हे तुमच्या लग्नाआधीचं आहे. तुम्ही तेव्हा गावात नव्हता ना."

"व्हतू," हेमराजभाऊ म्हणाले.

आणि मग निघालं ते. स्थळ सांगून आलं होतं, बोलणी चालली होती, आणि हा गडी मुलगी कशी आहे ते चोरून बघायला भावाची सायकल घेऊन एवढ्या लांब आला होता. विहिरीच्या आड उभा राहिला. पंचावन्न वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

"माले माहीत व्हतं," फुई म्हणाली. तोंडावर पदर धरून ती अशी हसायला लागली की मला सतरा वर्षांची पोर दिसली. "म्हणीसन तं झोका इतला उंच नेला!"

हेमराजभाऊंनी बायकोकडे बघितलं. म्हातारा चक्क लाजला हो!

"रोशनी," आबा म्हणाले, "पह्यले याले काढ. सुंदरले मंग."

"किती टाइम लागी?" हेमराजभाऊंनी विचारलं.

"नीट काढायचं तर दोन दिवस."

"मग ऱ्हावा. घाई कोन्हले शे?"

राहिलो. हेमराजभाऊ शेजाऱ्याची सायकल धरून अंगणात उभे राहायचे, आबा त्यांच्या डोक्यावर छत्री धरायचे आणि रोशनीला सांगायचे, "याना पाय लांब शेत, लांब काढ." दोघं भांडायचे पण. घंटी उजवीकडे होती की डावीकडे, यावर अर्धी दुपार गेली. मी एकदाही "बटन दाब" म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीआड तरणाबांड हेमराज उभा होता आणि झोक्यावर फुई. पाय आभाळात, वेणी मागे उडालेली. आबांनी वही उघडली, दोन नावं स्वतःच्या हाताने लिहिली आणि ती हेमराजभाऊंच्या पुढे धरली. "पहा बरं. कोणी राह्यनं का?"

हेमराजभाऊंनी दोनशे चौदा नावं वाचली. घाई केली नाही. मग आबांकडे बघितलं.

"तू," ते म्हणाले.

आम्ही सगळे वहीवर वाकलो. खरंच! चार महिने अख्खं गाव सांगत बसलेल्या माणसाने स्वतःलाच घेतलं नव्हतं. त्यांची जागा एकच होती, आणि तिथे स्वतःला उभं करायचं तर आधी झोक्यावर कोणीतरी बसायला हवं होतं.

"माले दिखना व्हता हाऊ," हेमराजभाऊ रोशनीला म्हणाले. त्यांनी बोट फुईच्या झोक्याच्या मागे टेकवलं. "आठे. मांगेथीन झोका देत व्हता."

आबा रडायला लागले. फुई उठून त्यांच्या शेजारी बसली आणि भावाचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

"अजून एक दिवस लागेल," रोशनी हळूच म्हणाली.

"लागू दे गं," मी म्हटलं. "हात नीट काढ त्यांचे. दोन्ही."

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही शिरपूरहून निघालो. मी बसमध्ये पुढे घुसून पाच जागा धरल्या.