पायाने ओळखलं म्हणून नापास

मित्रांनो, मी कापड विणणारा एक जुना माग होतो. सध्या गटाराचं झाकण आहे. हसा, हसून घ्या. भट्टीत माझा आकार गेला, राग मात्र गेला नाही. उलट आणखी तापून बाहेर आला.

इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यातल्या ब्रॅकनशॉ गावात माझा जन्म झाला. ओतशाळेत मला ओतलं ते पुरुषांनी आणि गिरणीच्या विणाई खात्यात माझ्यापुढे उभ्या राहिल्या त्या बायका. तिथला कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण भिंतीपेक्षा पक्का होता. माग चालवायचा बाईने, बिघडला तर दुरुस्त करायचा पुरुषाने. त्या पुरुषाला जॉबर म्हणत. खिशात पाना, डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली बऱ्याचदा काहीच नाही. घड्याळ पुढे जातं म्हणून एका जॉबरने ते दोन्ही बाजूंनी खिळे ठोकून जागेवर बसवलं होतं. खोटं वाटतं? मी लोखंड आहे, शपथ घ्यायला मला हात नाहीत.

आम्ही आठशे माग एकदम धडधडू लागलो की आभाळ कोसळलं तरी ऐकू येत नसे. बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत आणि एकमेकींचे ओठ वाचत. पंधरा-वीस वर्षांत कान जात. माझ्या नेली पिलिंगचे कान मीच खाल्ले. ती एवढीशी असताना माझ्यापुढे आली होती. आडवं सूत इकडून तिकडे नेणारा माझा धोटा अडला, सूत तुटलं, काहीही झालं तरी मला शिवी न देता समजून घेणारी ती एकटी.

दुसऱ्या महायुद्धात जॉबर सैन्यात गेले. पाच वर्षं नेलीने पाना हातात घेऊन साठ माग सांभाळले. लढाई संपली, तिला ‘शाबास’ म्हणाले आणि पाना काढून घेतला. त्या ‘शाबास’चा मला आजही राग येतो.

सन १९५१ मध्ये म्हातारा जॉबर हर्बर्ट क्लेग निवृत्त व्हायला निघाला. जॉबरची जागा बापाकडून मुलाकडे जायची रीत होती. त्याचा मुलगा स्टॅनली तेव्हा किराणा दुकानात चीज कापत असे. नेली सरळ मॅनेजर ऑर्मरॉडसाहेबापुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, ती जागा मला हवी.”

“कुठली जागा?”

“क्लेगची.”

“अगं, पण ती जॉबरची जागा!”

“म्हणून तर मागतेय. चहा करायची असती तर तुम्हीच देऊ केली असती.”

साहेबाला हसू आलं आणि हसण्याच्या भरात तो ‘परीक्षा दे’ म्हणून बसला.

परीक्षा जॉबरांच्या संघाची, फार जुनी. डोळे मिटून रांगेच्या टोकाला उभं राहायचं आणि कोणता माग बिघडलाय ते सांगायचं. मग तो दुरुस्त करायचा. संघाचे तीन म्हातारे टोप्या घालून आले, त्यातला एक खुद्द क्लेग. माझा धोटा फेकणारा चामडी पट्टा त्यांनी मुद्दाम सैल करून ठेवला.

आधी स्टॅनलीची पाळी. त्याने डोळे मिटले, मान वाकडी केली, कान टवकारले आणि मोठ्या रुबाबात एका मागाकडे बोट केलं. तो माग आठवडाभर बंद होता.

“जवळपास पोचला!” म्हातारा क्लेग म्हणाला. “बापाचा कान आहे त्याला.”

मग नेली आली. तिने पायातले लाकडी तळाचे बूट काढले, मोजे काढले आणि दगडी फरशीवर अनवाणी उभी राहून डोळे मिटले. कुठे धक्का कमी बसतोय ते तिच्या तळपायांना कळत होतं. एकेक पाऊल टाकत ती माझ्यापाशी आली. “हा. पट्टा सैल झालाय.” पट्टा तिने पिळून आखूड केला. किटलीला उकळी फुटायच्या आत मी पुन्हा चालू लागलो. सगळ्या बायकांचे ओठ एकदम हलले, मी तर इतका फुललो की दोन हात कापड जास्तच विणून टाकलं.

संघाचे म्हातारे कोपऱ्यात कुजबुजले. परत आले तेव्हा मोठ्याने बोलणारा होता तो क्लेगच.

“नियम कानाने ओळखायचा आहे. हिने पायाने ओळखलं. नापास.”

“पण ओळखलं ना?” नेलीने विचारलं.

“बाई, उद्या तू नाकाने ओळखशील!”

कान खाल्ले आम्ही, आणि कान नाहीत म्हणून नापास ती! मित्रांनो, तेव्हा माझ्या अंगातला एकेक बोल्ट थरथरत होता.

सोमवारी स्टॅनली जॉबर झाला. मंगळवारपर्यंत अकरा माग बंद पडले. त्यातले दहा त्याच्या हाताने, अकरावा मी, स्वतःच्या मर्जीने. बुधवारी जेवणानंतर, माग सुरू व्हायच्या आत, ऑर्मरॉडसाहेब नेलीजवळ आला आणि हळूच म्हणाला, “पोराला जरा दाखव ना. कुणाला कळणार नाही.”

नेलीने त्याचे ओठ नीट वाचले. मग ती खात्यातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडली.

“कुणाला कळणार नाही, हेच तर मला नकोय, साहेब!”

तिने ॲप्रन सोडला, माझ्यावर ठेवला आणि भर दुपारी बाहेर पडली. पुढच्या आठवड्यात ती बिस्किटांच्या कारखान्यात लागल्याचं कळलं. तिथेही यंत्रं दुरुस्त करायला पुरुषच होते.

काही वर्षांनी गिरणी बंद पडली. घण घालून आम्हाला फोडलं, तेव्हा मला वाईट वाटलं नाही.

जुनी यंत्रं तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला तेल घाला, आमची धूळ पुसा. मला तेल भरपूर मिळालं हो. मी दुसरंच मागतो. तुमच्या आसपास कोणी चोख काम करत असेल आणि त्याचं श्रेय दुसऱ्याला मिळत असेल, तर गप्प बसू नका. मोठ्याने सांगा, काम कोणाचं आहे ते. त्या बुधवारी आठशे मागांच्या खात्यात एकजणही बोलला नाही. मीसुद्धा नाही.