रुमाल टाकलेली जागा

आपल्या विनोदबुद्धीवर आइंडहोवनचं अख्खं मराठी मंडळ फिदा आहे, असं विश्वासचं ठाम मत होतं. याच विनोदबुद्धीने मागच्या गणपतीत त्याच्या घरातलं मराठी निम्म्यावर आणलं.

झालं असं, की त्याची पंधरा वर्षांची लेक अश्लेषा आरतीला काळ्या कपड्यांत आली. नुसत्या काळ्या नव्हे. जयंतीने, म्हणजे तिच्या आईने, संक्रांतीला दोनदा नेसून ठेवून दिलेली चंद्रकळा कापून तिने तीन थरांचा झालरीचा स्कर्ट शिवला होता. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती जांभळी वर्तुळं आणि पायात असे बूट, की मुलगी एकदम बापाच्या खांद्याला खांदा लावून उभी. शिरोगासा नावाचा एक जपानी रॉक बँड आहे, त्यातले पुरुष असेच नटतात आणि त्यांचे चाहतेही तसेच नटतात, हे तिने घरी दहादा सांगितलं होतं. विश्वास दहाही वेळा फोनमध्ये होता. आता महिनाभर खपून शिवलेला स्कर्ट चार आपल्या माणसांना दाखवावा असं पोरीला वाटलं, एवढाच तिचा गुन्हा.

मंडळाचे सेक्रेटरी श्रीधरकाका माइकवरून म्हणाले, "अरे, ही कुणाची?" माइक आयता जवळ आलेला पाहून विश्वासला राहवलं नाही. "आमची नव्हे बुवा! मी हिला ओळखत नाही. संक्रांत कधी असते ते विचारा तिला!" हॉल हसला. मोदक खाताना लोक पुन्हा आठवून हसले. अश्लेषा हसली नाही, पण तोंडावरच्या रंगामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून ती बापाशी मराठीत एक अक्षर बोलली नाही. आईशी मराठी, पुण्याच्या आजीशी फोनवर मराठी, आणि बापाशी डच. विश्वासचं डच नागरिकत्वाच्या परीक्षेपुरतं. डॉक्टरची वेळ घेणे, ट्रेन चुकल्याची तक्रार करणे आणि हवामान, यापलीकडे त्याची मजल नव्हती. त्यामुळे बापलेकीच्या गप्पा पावसापाशी येऊन थांबायच्या. त्याला हे फार लागलं होतं. 'बाबा' अशी हाक ऐकून किती महिने झाले याचा विचार तो सायकलवर करायचा, आणि घरी येऊन पुन्हा काहीतरी विनोद करायचा. खोड जाते कुठे?

बरं, मुलीच्या पोशाखाला हसणारा हा गृहस्थ स्वतः काय घालायचा? तो चिप बनवायची यंत्रं जुळवणाऱ्या कारखान्यात होता. तिथे धुळीचा कणही चालत नाही. रोज सकाळी तो डोक्यावर टोपडं, तोंडाला मास्क, अंगात पांढराशुभ्र झगा, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंत बूट असा जामानिमा करायचा. फक्त डोळे उघडे. शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याला चालीवरून ओळखायचा. पण ते काम होतं आणि मुलीचं सोंग होतं. पगार मिळाला की सोंगाचा गणवेश होतो.

एप्रिलमध्ये शिरोगासा आइंडहोवनला आले. सोळाच्या आतल्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नव्हता. जयंती जाणार होती, पण तिला ऐनवेळी शनिवारची शिफ्ट लागली. "तू जा," ती विश्वासला म्हणाली, "आणि कृपा करून एकही विनोद करू नकोस. तिला स्टेजसमोरच्या कठड्याशी उभं राहायचंय. त्या लाल केसांच्या गिटारवाल्याने तो स्कर्ट पाहावा म्हणून जीव टाकतेय ती."

विश्वासने मनोमन ठरवलं की आज पोरीला पहिली रांग मिळवून द्यायची आणि मराठी परत आणायचं.

तो दुपारी पोचला तेव्हा हॉलबाहेर रांग होती. पंख, मुकुट, पट्ट्या, साखळ्या, एका मुलाच्या डोक्यावर चक्क पिंजरा. आणि शिस्त अशी, की आपल्याकडे लग्नात जेवणाच्या रांगेला दाखवायला न्यावी. गुलाबी केसांच्या टोपातली लोटे नावाची एक डच मुलगी पहाटेपासून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मार्करने आकडा लिहीत होती. दार उघडलं की त्या क्रमानेच आत जायचं, हा चाहत्यांचा आपसातला नियम. पहाटेच येऊन उभ्या राहिलेल्या अश्लेषाच्या हातावर नऊ होता. नऊ म्हणजे कठडा नक्की. तिने बापाकडे पाहिलं, डचमध्ये "पाऊस नाही" म्हणाली आणि मान फिरवली.

नऊ आकडा विश्वासच्या डोळ्यांसमोर होता. पण ज्या माणसाचं बालपण पुण्यात बिननंबरी खुर्च्यांच्या कार्यक्रमांत गेलंय, त्याचा हातावरच्या शाईवर विश्वास कसा बसणार? जागा धरायची तर रुमाल टाकायला हवा. त्याने बाजूचं दार शोधलं. त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, कारण ते तो शनिवारीही काढत नसे. खोकी आत नेणाऱ्या पोराने त्याला कुणीतरी अधिकारी समजून दार धरून ठेवलं. आत हॉल मोकळा. विश्वासने कठड्याला मधोमध आपला चौकड्यांचा रुमाल बांधला. शेजारी जॅकेट टाकलं, त्याच्या शेजारी छत्री. चार जणांची जागा झाली. लेकीच्या मैत्रिणींचीही सोय केल्याच्या आनंदात तो हात मागे बांधून तिथेच उभा राहिला.

सहाला दार उघडलं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, सगळे न धावता आले आणि रुमालापाशी थबकले. बाप दिसेना म्हणून रांगेतल्या एका मुलीच्या आईबरोबर आत आलेली अश्लेषा कठड्याच्या टोकाला उभी राहिली. रुमाल तिने ओळखला. तो धुऊन घडी करायची पाळी तिचीच असे.

"हे कुणाचं?" लोटेने विचारलं.

"माझं!" विश्वासने अभिमानाने सांगितलं.

लोटे चिडली नाही, हे जास्त वाईट होतं. तिने त्याला सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की लोक पहाटेपासून थंडीत उभे आहेत. जो क्रम मोडतो तो सगळ्यात शेवटी उभा राहतो, आणि ज्याच्यासाठी मोडला तोही. "तुम्ही कुणाबरोबर आलात?"

विश्वासला परीक्षेपुरत्या डचमध्ये हे सगळं नेमकं कळलं. त्याने टोकाकडे पाहिलं. पांढऱ्या रंगातून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. हातांनी कठडा घट्ट धरला होता.

"एकटाच," तो म्हणाला. "मी मोठा चाहता आहे."

"यांचं कुठलं गाणं आवडतं?"

"सगळीच."

लोटेने त्याचा ऑफिसछाप स्वेटर पाहिला, ओळखपत्र पाहिलं, मग हॉलमधल्या दुसऱ्या एकुलत्या एक भारतीय चेहऱ्याकडे, म्हणजे रंगाखाली जेवढा दिसत होता तेवढ्याकडे बोट दाखवलं. "ती तुमच्याबरोबर नाही?"

"नाही," विश्वास म्हणाला. "मी हिला ओळखत नाही."

वाक्य तेच होतं. या वेळी कुणी हसलं नाही. निघून जावं म्हणून तो रुमालाची गाठ सोडायला लागला, पण गाठ पुणेरी होती, सुटेना.

"खोटं बोलतोय तो," मागून आवाज आला. "माझा बाबा आहे."

बोलणं मराठीत होतं, त्यामुळे लोटेला काडीचं कळलं नाही. मग अश्लेषाने तेच डचमध्ये सांगितलं, कमरेत वाकून सगळ्यांची माफी मागितली, कठड्यावरचे हात सोडले आणि एका झटक्यात रुमाल, जॅकेट, छत्री गोळा करून चालू लागली. नियम म्हणजे नियम. पिंजरेवाल्या मुलाने तिची जागा घेतली.

हॉलच्या पार मागच्या खांबापर्यंत ती बोलत होती. "अक्कल गहाण टाकली होतीस का? रुमाल? कोण टाकतं रुमाल? इथे काय कीर्तन आहे? आणि छत्री! चार जागा! गेली ना माझी जागा! आता त्याला काय दिसणार आहे माझा स्कर्ट? आणि वर म्हणतोस ओळखत नाही! परत म्हणालास तसं, तर मी कायमची डचमध्ये बोलेन, समजलं?"

विश्वास मान खाली घालून ऐकत होता. पोरीची जागा आपण घालवली याने त्याला रडू येत होतं, आणि तिचं एकेक तिखट मराठी वाक्य कानात साठवून ठेवावंसंही वाटत होतं. त्याच्या तोंडाशी एक विनोद आला. त्याने तो गिळला. हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा जमलं.

गिटार कडाडली. पुढचे सगळे हात एकाच वेळी उजवीकडे गेले, एकाच वेळी डावीकडे. मागून स्टेज दिसतच नव्हतं, तरी अश्लेषाचे हात बरोबर त्याच क्रमाने जात होते. "तूही कर," ती ओरडली, "उभा काय राहिलायस!" विश्वास करायला लागला. चुकत होता, तरी करत होता. घामाने तिच्या गालावरचा रंग उतरला होता आणि ती फार सुंदर दिसत होती, हे त्याला स्वच्छ दिसलं.

खांबाला टेकून कानात बोळे घातलेला दुसरा एक डच बाप उभा होता. त्याने अश्लेषाच्या झालरींकडे बघून कौतुकाने भुवया उंचावल्या आणि खुणेनेच विचारलं, तुमची का?

एवढ्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून विश्वासने छाती भरून श्वास घेतला. नेमकं तेव्हाच गाणं संपलं.

"माझी!"

साऱ्या शांत हॉलमध्ये तो एक मराठी शब्द घुमला. गुलाबी टोप, पिंजरा, पंख, सगळे मागे वळले आणि मधे स्टेजपर्यंत फट पडली. स्टेजवर लाल केसांच्या गिटारवाल्यानेही मान उंच करून कोण ओरडलं ते पाहिलं.

"बाबा," अश्लेषा दातओठ खात म्हणाली, "हळू बोल ना." आणि दोन्ही हातांनी स्कर्ट पसरून ताठ उभी राहिली.